पाटीवरचे चार चिंचोके

दगडाबाईला वाचता येत नव्हतं. तरी शहाऐंशीच्या दुष्काळात, धारूरच्या घाटाखालच्या गावात, ती भाचीला वाक्य लिहायला शिकवत होती.

भाची वैजंता आठ वर्षांची. अक्षरं सगळी यायची. पण दर दिवाळीला ती आईबापासोबत ऊसतोडीला जायची आणि गुढीपाडव्याला परतायची, तोवर शाळा पुढे गेलेली असायची. अख्खं वाक्य तिच्या हातून कधी झालं नव्हतं. शब्द एकमेकांना चिकटायचे आणि वाक्य मधेच कुठेतरी विझायचं.

दगडाबाईही एके काळी तोडीला जायची. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवरून ती पडली आणि कंबर गेली. नवऱ्याने माहेरी आणून सोडलं. तेव्हापासून ती शहादेवकडे, भावाच्या घरी.

श्रावण कोरडा गेला. जवळच्या साखर कारखान्याचं धुराडं यंदा पेटणार नाही हे पोरासोरांनाही कळलं. टोळ्या दिवाळीची वाट न पाहता दसरा होताच लांब, परमुलखात जाणार होत्या. शहादेव बहिणीला म्हणाला, "दसऱ्यापर्यंत एक अख्खी वळ तिच्या मनानं लिहून दाखवू दे. मग ऱ्हाऊ दे तुझ्यापशी."

दगडाबाईने चिंचोके काढले. वैजंता तोंडाने बोलायची, एका शब्दाला एक चिंचोका मांडायची. मग पाटीवर तेवढेच शब्द, दोन शब्दांत एका बोटाची जागा. ही जागा दगडाबाई स्वतःचं बोट ठेवून तपासायची. आणि लिहिलेलं बरोबर की चूक? त्यावर तिचा एकच उपाय होता. पाटी रात्रभर फडताळात ठेवायची, सकाळी पोरीला वाचायला लावायची.

"काल जे बोललीस तेच निघालं तर खरं."

"अन् दुसरंच निघालं तर, आत्या?"

"मंग लबाड हाय ते. पूस."

महिनाभर लबाडच निघत होतं. टँकरच्या रांगेत घागरीमागे बसूनही पोर धुळीत बोट फिरवायची. सर्वपित्रीच्या सकाळी पहिल्यांदा तेच निघालं: 'शेळी पाला खाते.' दगडाबाईने पोरीला पोटाशी धरलं.

खंडेनवमीला घरात कोयते मांडले, शेजारी पाटी. हळद, कुंकू, झेंडूची दोन सुकी फुलं. पुजलेल्या वस्तूला दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. पोरीने दसऱ्याला लिहायचं ठरलं होतं.

त्याच दुपारी मुकादम उत्तरेश्वर ट्रक घेऊन आला. "शहादेव, चल बे. बाकीच्या टोळ्या निघाल्या. उद्याची वाट बघितली तर फड मिळायचा न्हाई."

शहादेवने नारळ फोडला आणि कोयते उचलले. वैजंताची आई तान्ह्याला पाठीशी बांधून भांडी ट्रकमध्ये टाकू लागली. दगडाबाई पाटीकडे वाकली.

"आक्का, पुजलीय ती," शहादेव ओरडला. "हात लावू नको."

"कोयते उचलायला चालतेत, अन् पाटी न्हाई? कावून?"

तिने पाटी उचलून पोरीपुढे ठेवली. पोरीने चार चिंचोके मांडले, जीभ बाहेर काढून लिहिलं. अंगणातल्या मोठ्यांत वाचता येणारा एकटा उत्तरेश्वर. त्याने पाटी उन्हाकडे तिरपी धरली.

"'आत्या घरी एकटी राहील.'" तो हसला. "लई हुशार निघाली की रं तुझी पोरगी! फडात वजनाच्या चिठ्ठ्या वाचायला कामी येईल."

"भाऊ," दगडाबाई म्हणाली, "तू शबूद दिलता."

शहादेवने मान खाली घातली. "दिलता, आक्का. पण तान्हं अंगावर पितंय, ते हितं ऱ्हाणार न्हाई. आई तोडत असली तर त्याला कोण धरणार? तुझ्या कमरंला तर ट्रक बी झेपत न्हाई."

त्यातलं काहीच खोटं नव्हतं.

वैजंताला त्यानेच उचलून वर बसवलं. ती रडली नाही. फळीवरून वाकून एवढंच म्हणाली, "आत्या, सकाळी वाचून बघ."

ट्रक गेला. धूळ बराच वेळ रस्त्यावर उभी राहिली.

सकाळी दगडाबाईने फडताळातून पाटी काढली. चार शब्दांखाली चार चिंचोके ठेवले आणि एकेकावर बोट ठेवत म्हणाली: आत्या. घरी. एकटी. राहील.

वाक्य तेच निघालं.