बिब्ब्याने जाळलेले दाणे

शेतातल्या गुरांच्या कोठ्याचं दार मी लाथांनी तोडलं. आत माझा धाकटा भाऊ मातीत लोळत होता. दातांत दुपट्टा धरलेला, कमरेखाली कपडा नाही. मांड्यांच्या मधली कातडी काळी पडून सोलली होती आणि पाण्याने भरलेले फोड जांघेपर्यंत चढले होते. शेजारी दिवा, दाभण आणि फुटलेले बिब्बे पडले होते. मला पाहताच त्याने दाभण माझ्यावर उगारलं.

"जवळ येऊ नको, दादा. मले रोग लागला."

मी शाळेत मराठी शिकवतो. कुणावर हात टाकायचा प्रसंग तोवर आला नव्हता. दाभण काढून घेण्यासाठी मी त्याचा हात पिरगाळला. उचलून ऑटोत घातलं तेव्हा तो माझ्या खांद्याला कडाडून चावला. दवाखान्यात नको, लग्न मोडेल, असं दातांतूनच म्हणत होता. लग्नाला महिनाही राहिला नव्हता.

काय घडलं होतं ते त्याने यवतमाळच्या रस्त्यावर तुटक तुटक सांगितलं. तो हैदराबाद रोडवर ट्रक चालवायचा. पांढरकवड्याच्या पुढे एका धाब्यामागे हौद आहे, तिथे ड्रायव्हर आंघोळ करतात. त्याच्या सोबतच्या एका ड्रायव्हरने गंमत म्हणून त्याचा टॉवेल ओढला. शिश्नाच्या बोंडाला कडेने बारीक पांढरट दाण्यांची ओळ होती. वयात आल्यापासून ती तशीच होती. त्याने कधी लक्ष दिलं नव्हतं.

"अबे नवरदेव, हे कोठून आणलं बे? नवरीले आहेर काय?"

सगळे हसले. भावाने त्याच्या तोंडावर बादली मारली. मग सगळ्यांनी मिळून भावाला तुडवलं आणि आमच्या हौदात पुन्हा पाय टाकू नको म्हणून सांगितलं.

आमच्याकडे पायाला कुरूप झालं की आई बिब्ब्यात दाभण खुपसून तो दिव्यावर धरते. निथळणारं काळं तेल कुरुपावर टेकवायचं, ते जळून गळून पडतं. भावाने तेच केलं. टाचेचा घट्टा आणि त्या जागेची नाजूक कातडी यांतला फरक त्याच्या ध्यानात आला नाही. बिब्बा उतला, कातडी फोडांनी भरली. दोन दिवस तो कोठ्यात आतून कडी लावून पडून राहिला. शेजारच्या वावरातल्या माणसाने कण्हणं ऐकलं, म्हणून मला कळलं.

दवाखान्यात त्याची रक्तातली साखर भयंकर वाढलेली निघाली. त्याला ती आहे हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. डॉक्टरांनी जखम पाहिली. एका बाजूला त्या दाण्यांची थोडी ओळ शाबूत राहिली होती. हे खाजत होते का, दुखत होते का, वाढत होते का, असं त्यांनी विचारलं. तो नाही म्हणाला. तेव्हा त्यांनी सांगितलं की हा रोगच नाही. पुष्कळ पुरुषांना असतात, बायकोला लागत नाहीत, औषध लागत नाही.

"मंग लग्न करता येत होतं?" भावाने विचारलं.

"येत होतं," डॉक्टर म्हणाले.

त्याने तोंड भिंतीकडे केलं. साखरेमुळे जखम सडू लागली आणि ते सडणं पोटाकडे सरकत गेलं. डॉक्टर मेलेलं मांस कापत, दुसऱ्या दिवशी आणखी कापावं लागे. वातात तो नळ्या उपटायचा, म्हणून त्याचे हात खाटेला बांधले. हात बांधलेलेच होते तेव्हा तो गेला.

दहाव्याला नदीवर टॉवेल ओढणारा तो ड्रायव्हर आला. मी त्याला गर्दीतून बाहेर ओढला आणि मारायला लागलो. नाकातून रक्त आलं तरी थांबलो नाही. त्याने हात उचलला नाही.

"मारा, सर," तो म्हणाला. "पण मले सांगा, कोणाले दाखवू? मलेबी हाय. पहिले नव्हतं. वाढून राह्यलं, रक्तबी येते."

चुना‑सोडा लावून पाहावा म्हणतो, असं तो पुढे म्हणाला. तेव्हा मी त्याची कॉलर सोडली.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टर तेच होते. हे मस आहेत, म्हणाले, संसर्गाने येतात, उपचार होतो, बायकोलाही तपासायला आणा. जे नव्याने उगवतं, वाढतं, रक्त देतं, जिथे जखम, फोड किंवा पू होतो, ते दाखवायलाच हवं. नुसती शंका आली तरी या. घरचं काही लावू नका. बोलताना ते माझ्याकडे पाहत नव्हते.

परतीच्या एसटीत तो माझ्या शेजारी बसायला आला. मी त्याला मागे बसायला सांगितलं.