कुंकू लागलेली फ्लॉपी

सॉफ्टवेअरच्या नव्या कंपन्या निघत होत्या त्या वर्षांत मी पुण्याहून हैदराबादला नोकरीला आलो आणि सुट्टीचा दिवस अंबरपेठेतल्या एका संस्थेत घालवू लागलो. संस्था म्हणजे एक खोली, एक फोन, एक कॉम्प्युटर आणि ताई. ताई मूळच्या नांदेडकडच्या, टेलिफोन खात्यात नोकरीला. थॅलेसेमियाच्या मुलांना दर तीन आठवड्यांनी रक्त लागतं. त्यांच्यासाठी दाते जमवायचं काम त्या ड्युटी संपल्यावर करत. दात्यांची नावं, नंबर, सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं.

मदत देणाऱ्या ट्रस्टचं पत्र आलं की प्रत्येक सॉफ्टवेअरचा परवाना दाखवा. आमच्याकडचं सगळं कुणाकुणाकडून कॉपी करून घेतलेलं. मग मी विंडोजऐवजी लिनक्स घालू, अशी टकळी लावली. फुकट आहे, आतलं सगळं उघडं आहे, हव्या तितक्या प्रती काढा, कुणी जाब विचारणार नाही. ताई महिनाभर ऐकून घेत होत्या. शेवटी कंटाळून हो म्हणाल्या.

दसऱ्याची सुट्टी ठरली. ताई पांढरी साडी नेसून विहारात निघाल्या होत्या, जाताजाता मला किल्ली देऊन गेल्या. मी यादी तीन फ्लॉप्यांवर उतरवली. निगेटिव्ह गटांचे दाते मोजकेच, म्हणून त्यांची फ्लॉपी वेगळी, सगळ्यांत वर. बाहेर दुकानादुकानांत पूजा चाललेली, आणि मला घरची आठवण येऊन कसंतरीच झालं. आईने पाठवलेली हळदकुंकवाची पुडी खिशात होतीच. कीबोर्डवर फ्लॉप्या रचल्या, पाण्यात कुंकू कालवलं आणि सढळ हाताने वाहिलं. मग कॉम्प्युटरची हार्ड डिस्क पूर्ण कोरी केली.

दुपारपर्यंत लिनक्स सुरू झालं. मी स्वतःवर खूश होतो. पहिल्या दोन फ्लॉप्या सरळ वाचल्या गेल्या. तिसरी, निगेटिव्ह गटांची, घरघरली आणि थांबली. पुन्हा घातली, पुन्हा तेच. पत्र्याची झापड सरकवून पाहिलं तर आतल्या चकतीवर लाल ओघळ.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर परवाच्या तारखेला ताईंनी गोल केला होता. नारायणगुड्यातली सात वर्षांची मुलगी, गट बी निगेटिव्ह. मी कापसाने चकती पुसली, पंख्याखाली धरली, फुंकर घातली. वर्षानुवर्षं जमवलेली माणसं मी एका सकाळीत घालवली होती, आणि तीही कुणी न सांगता केलेल्या पूजेपायी.

संध्याकाळी ताई आल्या. मी सांगितलं तेव्हा त्यांनी साडीचा पदर खोचला आणि फोन ओढून घेतला. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

रक्त दिल्यावर दात्यांना पंधरा मिनिटं बाकावर बसवून चहा आणि बिस्किट द्यायची ताईंची पद्धत होती. पॉझिटिव्ह गटांची यादी शाबूत होती. त्यातल्या एकेकाला त्या फोन लावू लागल्या आणि प्रत्येकाला एकच विचारू लागल्या, "चहा पीते वक्त आपके बाजू में कौन बैठा था?" मी शेजारी वही घेऊन बसलो. कुणाला चेहरा आठवे, नाव नाही. कुणाला आठवे ते मलकपेठचे म्हातारे, गट भलताच. दुसऱ्या दिवशी ताईंनी रजा टाकली, मीही टाकली. दुपारी एका रिक्षावाल्याला आठवलं की जामबागच्या कॉलेजातल्या लॅबचा एक माणूस शेजारी होता आणि आपला गट कमी लोकांत असतो म्हणून सांगत होता. आम्ही रिक्षा करून गेलो. कॉलेज सुटायला आलं होतं. तो माणूस सायकलचं कुलूप काढत होता. त्याचा गट बी निगेटिव्हच निघाला.

ठरल्या दिवशी मुलीला रक्त चढलं. वॉर्डाबाहेर मला रडू आलं, आणि ते लपवायचं भान राहिलं नाही. ताईंनी ते पुरतं होऊ दिलं. मग म्हणाल्या, "एक सांग बाबा. लिनक्सच्या हव्या तितक्या प्रती काढा म्हणून महिनाभर माझं डोकं खाल्लंस. मग माझ्या माणसांची एकच प्रत कशी काय काढलीस?"

त्यांनी पर्समधून कोऱ्या फ्लॉप्यांचा डबा काढून माझ्या हातात दिला, आणि कुंकवाची पुडी मागून घेतली.