आचोळ्याच्या नवरदेवाची लाळ

कुत्र्याच्या गालात आतून फिरवायची कापसाची काडी मी आधी स्वतःच्या गालात फिरवली. हा पराक्रम मी ज्यांच्या कामात केला ते पापडीचे आमचे निवृत्त गणिताचे सर म्हणजे अख्ख्या वसईत माणसांपेक्षा कुत्र्यांच्या लग्नाची जास्त काळजी वाहणारा एकमेव माणूस. पोटच्या मुलीचं लग्न त्यांनी दोन फोनांत ठरवलं. त्यांच्या डोबरमन जुलीसाठी मात्र त्यांना एक स्थळ पसंत पडेल तर शपथ! कारण तिच्या पहिल्या वेतातला रॉकी जन्मतः बहिरा निघाला, मान कायम एका बाजूला कललेली. त्याला कुणी नेईना, म्हणून तो सरांकडेच राहिला. हाकेचा उपयोग नाही, तेव्हा सर जमिनीवर पाय आपटतात. हादरा लागला की रॉकी हजर. कपाटातल्या बश्या थरथरतात. हल्ली ते चहाही पाय आपटूनच मागतात. "अहो, मी बहिरी नाहीये!" असं स्वयंपाकघरातून उत्तर येतं.

हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच पिल्लू बहिरं होतं. जुलीत तो लपलेला आहेच. म्हणजे नवरा निर्दोष हवा. "चर्चमध्ये लग्नाआधी तीन रविवार नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून," सर म्हणाले. "कुत्र्यांची हरकत लाळेत असते. नमुना घेऊन ये."

नवरदेव माझ्याच आचोळ्यातला. मला बघून त्याने दात दाखवले. दुखत नाही हे त्याला पटावं म्हणून मी काडी आधी माझ्या तोंडात फिरवून दाखवली. त्याला पटलं. प्रयोगशाळेला पटलं नाही. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नमुन्यात माणूस मिसळला आहे.

तोवर जुली माजावर आलेली. वयामुळे हे शेवटचं वेत, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. नवरदेवाचा मालक फोनवर कळवळून म्हणाला, "अंकल, रिपोर्ट-बिपोर्ट सोडा ना! कुत्रा एकदम फिट आहे."

"रॉकीचा बापही फिटच होता," म्हणून सरांनी फोन ठेवला. दुसरा नमुना सरांच्या बायकोने स्वतः जाऊन घेतला. जुलीचे माजाचे दिवस सरले, आणि मग अहवाल आला. नवरदेव निर्दोष.

सर ओटीवर बसून होते. रॉकी त्यांच्या पायांवर मान टाकून झोपलेला, आणि पाय हलला तर तो जागा होईल म्हणून सर तासभर तसेच. रागावलेसुद्धा नाहीत; तेच मला सोसेना.

"सर, नुकसान माझंही झालंच की," मी म्हणालो. "एक पिल्लू मला मिळणार होतं."

सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"तुला? तुला मी मांजरसुद्धा दिलं नसतं."