फुगा उतरला ते रान

माझ्या भावाच्या रानात एक तुकडा आहे, त्यात ऊस नसतो. जयसिंगपूरच्या पलीकडं, हाताशी पाणी असताना ऊस न लावणाऱ्याला लोक येडाच म्हणतात. भावाला विचारतातही. तो म्हणतो, जमिनीला जरा विसावा. खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे, बोलत कुणी नाही. म्हणून मी लिहून ठेवते.

माझी धाकटी लेक बलून उडवायची. जत्रेतला फुगा नव्हे हं. खाली माणसं उभी राहतील एवढी वेताची टोपली, वर देवळाएवढं कापड, आणि मध्ये गॅसचा जाळ. पुण्याकडं पर्यटकांना बलूनमधून फिरवणारी एक कंपनी होती, तिथं ती ऑफिसात कामाला लागली. फोन घेता घेता कधी टोपलीत जाऊन उभी राहिली ते आम्हाला कळलंच नाही. रीतसर लायसन काढलं तिनं. तिचे वडील तेव्हा होते. म्हणाले, हिला स्कूटर शिकवताना मी गल्लीभर पळलो, आणि ही आभाळात चालवणार. मला त्या रात्री झोप नाही लागली, पण पेढे मीच वाटले.

मग एका हिवाळ्यात आमच्याच भागात देशोदेशीच्या बलूनांची स्पर्धा भरली. मला वाटलेलं, कोण पुढं पळतं ते बघायचं असेल. तसं नसतं. रानात कुठंतरी पांढऱ्या कापडाची भली मोठी फुली अंथरतात. लांबून उडत यायचं आणि वरून एक फीत टाकायची, टोकाला वाळूची पुरचुंडी बांधलेली. ज्याची फीत फुलीच्या जवळ, तो पुढं. ऐकायला सोपं आहे की. पण बलूनला स्टेअरिंग नसतं. खालचा वारा एकीकडं जातो, वरचा दुसरीकडं, ते ओळखून नुसतं वरखाली व्हायचं. लेक मला म्हणाली होती, "आई, तू नाही का आज्जीला एक सांगायचीस, बाबांना दुसरं, आणि हवं तिथं पोचायचीस. तसंच."

शेवटचं उड्डाण राहिलं होतं आणि ती दुसरी होती. बाहेरच्या देशांतले मुरलेले पायलट, आणि त्यांच्यात आमची पोर. ते उड्डाण नीट झालं असतं तर जगाच्या मोठ्या स्पर्धेला आपल्या देशाकडून तिचं नाव जाणार होतं. बलून कंपनीचा. मालकानं एकदाच म्हणून दिला होता. म्हणजे काय व्हायचं ते ह्या खेपेलाच.

आदल्या सकाळची गोष्ट. बलून उतरेल तिथं खालून जीप न्यावी लागते. जीपमधल्या पोरांनी लोकांना मागं सारायचं आणि कापड गुंडाळायचं, अशी पद्धत. त्या दिवशी हट्ट करून मीही जीपमध्ये बसले होते. वॉकीटॉकीवर तिचा आवाज आला, फीत अगदी जवळ पडली म्हणून. हसत होती. मग वाऱ्यानं तिला नेलं ते थेट माझ्या माहेराकडं. उभ्या उसात उतरायचं नाही असा नियम, आणि आमच्याकडं तर जिकडं बघावं तिकडं ऊस. पण भावाच्या त्या तुकड्याची तोड नुकतीच झाली होती. तेवढंच मोकळं रान दिसलं असेल वरनं. तिथं ती अलगद उतरली.

आम्ही मात्र उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकलो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या, रस्ता एका गाडीपुरता, ड्रायव्हरच्या टेपवर गाणी. हॉर्न कुणाला ऐकू जाणार? तेवढ्यात उसापलीकडनं फटाक्यांचा आवाज आला. मी खूश झाले. म्हटलं, बघा, माझं माहेर कसं स्वागत करतंय. माझ्या शेजारच्या पोराचा चेहरा उतरला, तो जीपमधनं उडी टाकून पळतच सुटला.

झालं होतं ते असं. पिवळा फुगा, मधी लाल पट्टा, म्हणजे भाचीच, हे भावानं लांबनंच ओळखलं. त्याच्या घरी फटाक्यांची लांबलचक माळ पडून होती. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी आणलेली, पण त्याचं पॅनल पडलं, त्यामुळं वाजायची राहिलेली. ती खांद्यावर टाकून तो धावला. लेकीनं उतरल्या उतरल्या सगळ्यांना बजावलं, टोपलीत गॅस आहे, जवळ काही पेटवू नका. लोकांनी ऐकलं. म्हाताऱ्यांनी बिड्यासुद्धा विझवल्या. भावानं तर जास्तच ऐकलं. ती वाकून टाक्या बंद करत होती, तेव्हा तो माळ घेऊन टोपलीपासून जेवढं लांब जाता येईल तेवढं लांब गेला, पार दुसऱ्या टोकाला, आणि तिथं लावली. त्या टोकाला बलूनचा माथा पसरला होता. त्याच्या लेखी धोका गॅसचा. कापड म्हणजे मांडवाचं कापड, त्याला काय होतंय?

ठिणग्या उडाल्या. ते कापड पेटत नाही, वितळतं. मी पोचले तेव्हा वहिनी आरतीचं ताट घेऊन उभी होती, आणि लेक गुडघ्यावर बसून कापडावरनं हात फिरवत होती. भाऊ हसत माझ्याकडं आला. त्याला अजून काही कळलंच नव्हतं.

"भाची आभाळातनं आली आन् मी गप बसू व्हय?"

लेक उठली. मामाच्या पाया पडली. वहिनीनं ओवाळलं ते ओवाळून घेतलं. मग त्याला बाजूला नेऊन हळू आवाजात सांगितलं. तो कापडाशी गेला आणि एकेका भोकात बोट घालून बघायला लागला.

स्पर्धेच्या गोऱ्या पंचानं तपासायला ते कापड उन्हाकडं धरलं तेव्हा पिठाची चाळण दिसावी तसं दिसलं. वहिनी म्हणत होती, मशीन काढते, रातोरात शिवून देते. तसं चालत नाही म्हणे. दुरुस्ती मान्यतेच्या कारखान्यातच व्हायला लागते, आणि बलूनचा माथा म्हणजे सगळ्यात तापणारी जागा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना बाकीचे बलून फुगत होते आणि लेक हाताची घडी घालून बघत होती. भाऊ मोटरसायकलवरनं आला. परीटघडीचा शर्ट, डोळे सुजलेले. सरळ त्या गोऱ्या पंचापुढं जाऊन हात जोडले, आणि लेकीला म्हणाला, सांग ह्यास्नी.

"माळ मी लावली. पोरीचा काय दोष न्हाय. मला काय करायचं ते करा, रान लिहून घ्या, पर हिला उडू द्या."

लेकीनं इंग्रजीत सांगितलं. मला इंग्रजी येत नाही, पण मामाचं एवढं बोलणं आणि तिचं एवढुसंच, हे माझ्या ध्यानात आलं. पंच हसला, त्यानं भावाचा हात हातात घेऊन हलवला. भावानं विचारलं, काय म्हणाला? लेक म्हणाली, बघतो म्हणालाय. भाऊ तिथंच कुंपणाच्या तारेजवळ उभा राहिला. शेवटचा बलून उसावरनं दिसेनासा होईपर्यंत उभा होता.

जीपमध्ये मी तिला विचारलं, पंचाला नेमकं काय सांगितलंस? खिडकीबाहेर बघत ती म्हणाली, "मामा तुम्हाला जेवायला बोलावतोय, एवढंच सांगितलं."

तिचं नाव गेलं नाही. मालकानं बलून परत नेला, पुढं कुणा दुसऱ्याच्या हाती दिला. ती आता पुण्यात कॉम्प्युटरपुढं बसते. बरं चाललंय म्हणते. गच्चीवर मात्र जात नाही. वाळत घातलेले कपडे नवऱ्याला काढायला लावते. तिच्या लग्नात भाऊ मांडवाच्या दारात उभा होता. वरातीतल्या पोरांचे खिसे चाचपून फटाके काढून घेत होता. पावणंमंडळी हसत होती, त्यांना काय ठाऊक.

आमच्याकडं बलून पुन्हा आले नाहीत. तरी भाऊ त्या तुकड्यात हरभरा टाकतो, तोही कडेकडेनं. मी मागच्या थंडीत माहेरी गेले तेव्हा सकाळी तो तिथं दगडं वेचत होता. मी विचारलं, एवढी कशाला साफ करतोस?

"वरनं दिसाय पायजे की," म्हणाला.

लेकीला मी हे सांगितलेलं नाही.