सुटत्या गाठीचा हार

मिरवणुकीचा बॅंड दारात येऊन थांबला होता आणि नवरदेवाचे मामा माझ्या हातावर पाच रुपये ठेवत होते. मी पंधरा मागत होतो.

गाव पारोळा. एकशे एक कोऱ्या नोटांचा हार करायला मी जळगावहून एसटीने आलो होतो. सगळ्या नोटा एक-एक रुपयाच्या. नोटेला पंख्यासारख्या चुण्या घालायच्या, मधोमध दोऱ्याने आवळायची. दोन पंखे जुळले की एक फूल. शंभर नोटांची पन्नास फुलं. उरलेल्या एका नोटेचा राघू, तो पदकाच्या जागी. पिन नाही, डिंक नाही. भोक पडलेली नोट दुकानदार घेत नाही, आणि हारातल्या नोटा लग्नानंतर वापरायच्या असतात. म्हणून मी अख्ख्या हाराला एकच दोरा घालतो, सगळ्या सुटत्या गाठी मारून. टोक ओढलं की नोटा मोकळ्या. ही गाठ मला कोणी शिकवली नाही. जिनिंग प्रेसमध्ये हमाली करताना मीच ती बसवली.

चूक माझी. रेट आधी ठरवला नव्हता. मामा म्हणाले होते, काय असेल ते देऊ, आणि मी त्यावर गेलो.

"नोटा आमच्या," मामा म्हणाले. "दोरा चार आण्यांचा. तू काय केलंस? घड्याच घातल्यास ना?"

माझं डोकं फिरलं. मी टोक धरून ओढलं. पन्नास फुलं सतरंजीवर सांडली. राघू तेवढा माझ्या मुठीत राहिला.

"घ्या तुमच्या नोटा. मोजून घ्या. आता घाला घड्या."

मामांनी खरंच एक नोट उचलली. बराच वेळ झटापट केली. "नाना, बिडी वळली का?" दारातून कोणीतरी मामांना विचारलं. सगळे हसले. मामा लाल झाले.

मी पिशवी उचलली. तेवढ्यात अक्का पुढे आल्या. नवरदेवाची आई, मामांची थोरली बहीण. भावाकडे त्यांनी पाहिलंही नाही. मला म्हणाल्या, "भाऊ, मन्हा पोऱ्यानं काय चुकनं?"

माझ्या पोराचं काय चुकलं. पिशवी खाली ठेवली. मी परत बसलो.

घड्यांच्या खुणा नोटांवर होत्याच. अक्का आणि त्यांच्या दोन जावा त्या खुणांवरून चुण्या दाबत गेल्या, मी गाठी मारत गेलो. बॅंडवाल्यांनी तीच तीन गाणी फिरवून फिरवून वाजवली. तासाभरात हार नवरदेवाच्या गळ्यात पडला.

मामांनी पंधरा रुपये दिले. पण घड्या घालण्याला काम काही म्हणाले नाहीत. ते मला अजून सलतं.

अक्कांनी लग्नानंतर शंभर नोटा सोडवल्या, राघू मात्र मोडला नाही. देव्हाऱ्यात ठेवला. येणारा-जाणारा विचारायचा, त्या माझा पत्ता सांगायच्या. पुढच्या लग्नसराईत अमळनेर, धरणगाव आणि धुळ्याहूनही ऑर्डरी आल्या. त्यातली एक खुद्द मामांची, धाकट्या मुलीच्या लग्नाची. त्यांना मी वीस सांगितले.

आता रेट मी आधी ठरवतो. गिऱ्हाइकासमोर एकदा टोक ओढून दाखवतो, दोनच फुलांचं. तेवढ्यावर भागतं. अख्खा हार ओढण्यात माझाच तास जातो.