ऑलिव्ह काकूंची पुढची बाजू

सकाळचे सहा वाजून वीस मिनिटं. ऑलिव्ह हॅसलम गुडघ्यांखाली पोतं घालून पुढच्या दाराची पायरी पिवळ्या दगडानं घासून रंगवत होत्या. पायरीसमोरच्या फुटपाथचा अर्धगोलही त्याच घासत, म्हणून तोही त्यांचाच. सप्टेंबर १९५३, शनिवार. अकरा वाजता मुलीचं, मॅविसचं लग्न होतं.

बोल्टनच्या आमच्या गल्लीत पुढचं दार लग्नाला आणि मयताला उघडायचं. एरवी सगळे मागच्या बोळातून. हॅसलमांकडे नऊ वर्षांत दोन्हींपैकी काहीच झालं नव्हतं. मात्र काकूंचे यजमान नॉर्मन काका दर वसंतात त्या दाराला बाहेरून हिरवा रंग देत. मॅविस पुढून, सगळ्या गल्लीच्या देखत निघाली पाहिजे, एवढंच काकूंचं म्हणणं होतं.

साडेदहाला काकांनी कडी काढली. दार हललं नाही. त्यांनी खांदा लावला, मग मॅविसच्या मामांनी लावला. रंगाच्या नऊ थरांनी दार चौकटीला चिकटवून टाकलं होतं.

"सुरी फिरवतो कडेनं," काका म्हणाले.

"रंगाला ओरखडा आला तर बघा! एप्रिलमध्येच दिलाय."

"मग मागून जाऊ."

"मागून? कोळशाचं पोतं आहे का ती?"

बाहेर शेजारीण पिलिंगबाईंनी दारातल्या पत्रं टाकायच्या फटीला तोंड लावलं. "ऑलिव्ह, पोरगी पोस्टानं पाठवतेस का गं?"

"तू आधी माझ्या पायरीवरून उतर, डोरिस!"

"पायरीवर नाहीच मी. ओणवी झालेय. कंबर मोडली माझी."

मॅविस जिन्यावर बसून रडायला लागली. "आई, पावणेअकरा झाले. रेजिनाल्ड चर्चमध्ये एकटा उभा असेल."

"एकटा कसा? पाद्री आहे की."

काकूंनी पुढच्या खोलीकडे पाहिलं. त्या खोलीत कुणी बसत नसे. मलाही त्यांनी दारात बूट काढायला लावले होते, आणि मी तर करवली. त्यांनी कुंडी उचलली, जाळीचा पडदा गुंडाळला आणि खिडकीची खालची काच वर सरकवली.

"ही पण पुढचीच बाजू आहे ना?"



प्रयोग म्हणून आधी मला बाहेर काढलं. मग मामा. मामांनी पिलिंगबाईंच्या घरची खुर्ची फुटपाथवर ठेवली, अर्धगोलाच्या बाहेर, त्यामुळे ती खिडकीपासून हातभर लांब पडली. काका आतून ढकलत होते, मामा बाहेरून ओढत होते. मॅविस मध्ये आडवी, फुलं दातांत. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. समोरच्या म्हाताऱ्या क्रॉम्प्टननी तर टोपी काढली. बहुधा त्यांना मयत वाटलं.

खिडकीखालचा दगडी काठही सकाळीच त्याच पिवळ्या दगडानं घासलेला होता. मॅविसच्या पाठीवर पिवळा पट्टा उमटला.

"चर्चमध्ये सगळे पाठच बघतात," ती म्हणाली.

"बघू देत. कुणाची पायरी आहे ते कळेल."

पावणेबाराला लग्न लागलं. पिलिंगबाई चर्चच्या दारातच भेटल्या. "पोरगी पुढूनच निघाली हो," काकूंनी त्यांना सांगितलं. पिलिंगबाई म्हणाल्या, "मी कुठे नाही म्हणतेय?"

दुसऱ्या दिवशी रविवार. प्रार्थना साडेदहाला होती आणि हॅसलम नवराबायको सव्वादहाला घरातून निघाले, नेहमीसारखे मागच्या दारानं.