शामिशच्या होडीला डांबर

शामिशची होडी पूर्वेला दिसायच्या आधी रूमीचा वाकस लाकूड तासायला लागलेला असे. शामिश म्हणजे सूर्य. तो रोज होडीतून निघतो, होडीवर त्याचा झेंडा असतो आणि जगाला उजेड मिळतो तो त्या झेंड्याचा, हे आम्हा मंदाई लोकांच्या पोरांनाही ठाऊक असतं. रूमीची तक्रार वेगळी होती.

"वजन वाहते होडी आणि नाव होतं कापडाचं," तो म्हणायचा. "शिवाय त्या होडीला डांबर लावताना कुणी पाहिलंय?"

इराकातल्या सूक अश-शुयूख गावी, फुरात नदीच्या काठी आम्ही शेजारी शेजारी होड्या बांधायचो. फळ्यांच्या सांध्यातून उजेड दिसला तर तो अख्खी बाजू उचकटायचा.

त्याचं बोलणं आमचे पुरोहित शेख सिनान यांनी ऐकलं. कसबी कारागिराला आमच्याकडे उस्ता म्हणतात. "उस्ता, कापड हलकं वाटतं ना? मग स्नानविधीच्या झेंड्याला नवं रेशीम तू आण. जुन्याला आता ठिगळंच उरलीत."

चारचौघांत रूमी म्हणाला, "हत्ताबची होडी विकली की आणतो." हत्ताब हा दलदलीतला मुसलमान म्हशीवाला. होडी त्याच्यासाठीच चालली होती. डांबर ओघळलं तर घेणार नाही, हे त्याने आधीच बजावलं होतं.

नवीन वर्षाच्या आदल्या दिवशी होडी झाली. मी म्हणालो, डांबराचा एक हात पुरे. रूमीने तो खरवडून पुन्हा डांबर लावलं आणि तिथेच फसला; ते घट्ट व्हायला वेळच उरला नाही. नवीन वर्षाला आमचे राखणदार दूत प्रकाशराजाला भेटायला जातात. ते परतेपर्यंत दीड दिवस आम्ही दारं लावून बसतो, नदीच्या पाण्याला शिवत नाही. त्या साली सण ऐन उन्हाळ्यात आला होता. पालथ्या होडीवर ओल्या चटया टाकून रूमी घरात शिरला.

सकाळी भिंतीपलीकडून त्याची बायको सिमत ऐकू आली. ती त्याला अनहरचा बाप म्हणूनच हाक मारी. "अबू अनहर, फेऱ्या मारून डांबर घट्ट होतं का?"

"चटया वाळल्या असतील."

"मग शामिशला सांगा. रोज त्याची उणीदुणी काढता, ओळख तर आहेच."

तेवढ्यात हत्ताब आपली म्हैस हाकत आमच्या गाईंना चारा घालायला आला. सणात शेजारी एवढं करतात. त्याला पाणी मारायला सांगणं म्हणजे स्वतः मारण्यासारखंच, असा शेखांचा दंडक होता. आणि शेखांचं दार समोरच होतं.

रूमी खिडकीशी जाऊन मोठ्याने म्हणाला, "शामिशबाबा, तूही होडीवाला. होडीवाल्याच्या होडीचं डांबर वितळवतोस? त्या चटया जरा ओल्या असत्या तर तुझं काय गेलं असतं?"

बाहेरून जाड आवाज आला, "उस्ता, माझ्या होडीला नावं ठेवतोस ना?"

"आता नाही ठेवत."

"आणि झेंड्याला?"

"चांगला आहे झेंडा."

"मग चटयांचं बघतो. ए काळे, मागे सर, चटई खातेस होय?" शामिश म्हशीवर ओरडला. पाठोपाठ चटयांवर पाणी पडल्याचा आवाज झाला.

हसू दाबायला मी उशीत तोंड खुपसलं. तो शामिश दिवस मावळेपर्यंत तीनदा आला, दर वेळी त्याने रूमीकडून झेंड्याची स्तुती करून घेतली आणि मगच पाणी मारलं.

दूत परतले, दारं उघडली. डांबर कुठेही ओघळलं नव्हतं. हत्ताबने बोट फिरवून पाहिलं आणि गंभीर चेहऱ्याने पैसे दिले.

पुढच्या स्नानविधीला नदीकाठी नवा झेंडा उभा राहिला. शेखांनी रेशमाचा पोत पाहिला.

"चांगलं आणलंस, उस्ता. शामिशची म्हैस बरी आहे ना?"

रूमी खाली बघत म्हणाला, "बरी आहे. चटई पचली."

त्या होडीच्या पैशातून ते रेशीम आलं; म्हणजे वजन पुन्हा होडीनेच वाहिलं.